घरपट्टीची पट्टी वाचायला शिका
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज मी तुमच्याशी घरपट्टीच्या जप्तीबद्दल बोलणार आहे, आणि तीही उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या घरपट्टीबद्दल. कपाशी-ज्वारीच्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या सभेत हा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. कारण सांगतो.

आपल्या कापसाचे जे कापड होते, त्यातल्या जीन्सच्या पँटी उल्हासनगरच्या गल्लीबोळांतल्या कारखान्यांत शिवल्या जातात. कापसाने पोट भरेना म्हणून गाव सोडून गेलेली आपली पोरे त्याच पट्ट्यात जाऊन राहिली आहेत. कल्याण सोडले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशने लागतात. मुंबईत खोली परवडत नाही, ठाण्यात परवडत नाही, म्हणून वऱ्हाड, खानदेश, मराठवाड्यातला माणूस गाडीत बसून पुढे पुढे सरकत तिथे पोचतो. थोडी जमीन विकून, थोडे कर्ज काढून एक खोली घेतो. आणि मार्च महिना आला की त्या खोलीच्या दाराला कागद चिकटतो: घरपट्टी थकली आहे, भरा, नाहीतर जप्ती.

मग गावाकडे फोन येतो. बाप काय करतो? कडबा विकतो. राखून ठेवलेली ज्वारी विकतो. कागदावर शेवटी जो आकडा असतो तो डोळे मिटून भरतो. हा कागद डोळे उघडून कसा वाचायचा, एवढाच आजचा विषय आहे.

तुम्हाला हे अवघड जाणार नाही. बाजारात माल घालून आल्यावर हातात जी पट्टी पडते ती वाचण्यात आपल्या पिढ्या गेल्या. वर मालाची किंमत, खाली हमाली, तोलाई, आणि २०१६ पर्यंत आपल्याच माथ्यावर असलेली अडत. कांदा घालून घरी येताना उलट पदरचेच पैसे द्यावे लागले, अशी उलटी पट्टीही आपण पाहिली. वरच्या आकड्यापेक्षा खालच्या ओळींवर नजर ठेवायची असते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. घरपट्टीची थकबाकी ही तशीच एक पट्टी आहे. फरक एवढाच की बाजारात खालच्या ओळी वजा होतात, इथे त्या मिळवल्या जातात.

चार ओळी, चार सवाल

थकबाकीच्या कागदावर साधारणपणे चार प्रकारच्या रकमा असतात. एक, मागची थकबाकी, म्हणजे मूळ कर. दोन, चालू वर्षाचा कर. तीन, शास्ती, म्हणजे उशिराचा दंड. चार, वसुलीचा खर्च: नोटीस फी, वॉरंट फी, जप्ती खर्च. या चारही रकमांचा उगम वेगळा आहे, आणि त्यांच्याबद्दल विचारायचा सवालही वेगळा आहे.

कराबद्दल विचारायचे: आकारणी बरोबर आहे का? घराचे माप, वापर, मालकाचे नाव बरोबर लागले आहे का? शास्तीबद्दल विचारायचे: कोणत्या रकमेवर, कोणत्या महिन्यापासून, किती महिने? आणि खर्चाबद्दल विचारायचे: कोणत्या तारखेला कोणते काम केले म्हणून हा खर्च पडला?

आधी शास्ती. महानगरपालिका असो की नगरपरिषद, थकलेल्या करावर कायद्याने महिन्याला २ टक्के शास्ती लागते. दोन टक्के ऐकायला लहान वाटते. पण वर्षाचे २४ टक्के होतात. पन्नास महिन्यांत शास्ती मुद्दलाएवढी होते. आपल्याकडे सावकारीतही दामदुपटीचा जुना दंडक होता, व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागायचे नाही असा. घरपट्टीच्या शास्तीला ते कुंपण नाही. पाच वर्षे कागद पेटीत ठेवला तर १०,००० च्या करावर १२,००० शास्ती चढते. म्हणून पहिली गोष्ट, कागद पेटीत ठेवू नका.

आता एक हिशेब मांडू. समजा मूळ कर ६,००० रुपये थकला आहे आणि ४० महिने झाले आहेत. महिन्याला २ टक्के म्हणजे १२० रुपये. ४० महिन्यांचे ४,८०० रुपये. पण कुणी दर महिन्याची शास्ती मुद्दलात मिळवून तिच्यावर पुन्हा शास्ती लावली, तर हाच आकडा ७,२४८ होतो. फरक २,४४८ रुपयांचा. कागदावर नुसते 'शास्ती' एवढेच लिहिलेले असेल तर हा फरक दिसणारच नाही. म्हणून पाटी-पेन्सिल घेऊन बसा. तुमचा आकडा आणि त्यांचा आकडा जुळत नसेल तर विचारा, शास्तीवर शास्ती लावली आहे काय, आणि लावली असेल तर कोणत्या कलमाने?

याच पट्ट्यात आणखी एक शास्ती आहे, आणि तिच्याबद्दल गोंधळ फार होतो. अनधिकृत बांधकामाची शास्ती. महानगरपालिका कायद्याच्या कलम २६७ अ प्रमाणे अनधिकृत इमारतीला कराच्या दुप्पट दंड दरवर्षी लावता येतो. राहत्या घरांना त्यात वेळोवेळी सवलती दिल्या गेल्या आहेत. उल्हासनगरात अनधिकृत बांधकामे इतकी झाली की ती नियमित करण्यासाठी २००६ साली फक्त त्या शहरासाठी वेगळा कायदा करावा लागला. पोराने खोली घेतली तेव्हा बिल्डरने हे सांगितलेले नसते. तेव्हा कागदावर 'शास्ती' हा शब्द दिसला की ती उशिराची की बांधकामाची, हे आधी विचारा. आणि एक ध्यानात ठेवा, असा दंड भरला म्हणून बांधकाम अधिकृत झाले असे होत नाही.

दोन कायदे, एकच गाडी

उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी वसवलेला कल्याण कॅम्प. १९४९ साली त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले आणि १९९६ साली तिथे महानगरपालिका झाली. अंबरनाथ आणि बदलापूर ही दोन्ही गावे १९८३ साली कल्याण महापालिकेत घातली होती, १९९२ साली बाहेर काढली. आज तिथे नगरपरिषदा आहेत, अंबरनाथची एक आणि कुळगाव-बदलापूरची एक.

म्हणजे उल्हासनगरच्या घराला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ लागू, आणि एक-दोन स्टेशने पुढे गेले की महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम १९६५ लागू. एका ठिकाणी अर्ज आयुक्तांच्या नावाने, दुसऱ्या ठिकाणी मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने. शेजारच्या गावातल्या माणसाने सांगितले म्हणून त्याचाच अर्ज उतरवून काढला तर तो उपयोगी पडेलच असे नाही. आधी कागदावर कोणता कायदा आणि कोणते कलम छापले आहे ते वाचा.

पण दोन्ही कायद्यांत वसुलीचा क्रम मात्र एकाच वळणाचा आहे. आधी बिल. बिलाची मुदत गेली की मागणीची नोटीस. नोटिशीची मुदत गेली की वॉरंट. वॉरंटावर जप्ती. जप्तीनंतर लिलाव. या पायऱ्या आहेत, आणि मधली पायरी गाळून वरच्या पायरीवर उडी मारता येत नाही.

खर्चाची ओळ

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. वसुलीचा खर्च ही काही कराची पुरवणी नव्हे. काम झाले तर खर्च पडतो. नोटीस बजावली तर नोटीस फी. वॉरंट निघाले तर वॉरंट फी. माणसे येऊन वस्तू जप्त करून घेऊन गेली तर जप्तीचा आणि वस्तू सांभाळण्याचा खर्च. जे काम झालेच नाही त्याचा खर्च कसा?

पुन्हा समजा, कागदावर एका ओळीत लिहिले आहे: 'इतर खर्च ९०० रुपये'. तिथे थांबा. लेखी विचारा की या ९०० मध्ये नोटिशीचे किती, वॉरंटाचे किती, जप्तीचे किती? प्रत्येकाची तारीख काय? नोटीस कुणाच्या हातात दिली, की दाराला लावली? वॉरंटावर सही कुणाची? जप्ती झालीच नसेल तर जप्ती खर्च काढून टाका. एकाच घराला एकाच थकबाकीसाठी दोनदा फी लावली असेल तर दुसरी कशासाठी ते सांगा. आणि हा दर कोणत्या नियमाने, कोणत्या ठरावाने ठरला त्याची प्रत द्या.

हा आडमुठेपणा नाही. भारताच्या घटनेचे कलम २६५ सांगते की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही. फी आणि कर यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात स्पष्ट केला. फी म्हटली की तिच्या बदल्यात काही काम, काही सेवा दाखवावी लागते. दारात येणाऱ्या कारकुनाच्या मनात आले म्हणून आकडा लिहिता येत नाही.

विलायतेत हाच प्रश्न फार पेटला होता. तिथेही घरावर नगरपालिकेचा कर आहे आणि वसुलीला खासगी कंपन्यांचे बेलिफ येतात. ते फेऱ्या मोजून, गाडीभाडे लावून वाटेल ती बिले करत, अशी ओरड वर्षानुवर्षे चालली. शेवटी २०१४ साली सरकारने फीचा ठराविक तक्ता लागू केला. पहिल्या पत्राची पायरी ७५ पौंड, दारात येण्याची पायरी २३५ पौंड, विक्रीची पायरी ११० पौंड. मोठ्या थकबाकीवर वरून काही टक्के, पण पायरी गाठलीच नसेल तर तिची फी नाही. आपली मागणी त्याहून मोठी नाही. प्रत्येक पालिकेच्या वसुली खिडकीवर नोटीस, वॉरंट आणि जप्तीच्या फीचा तक्ता मराठीत लावा. बाजार समितीत दराचा फळा लागतो, तसा इथेही लागू द्या.

दारात माणसे आली तर

जप्तीला माणसे आली की पहिल्यांदा विचारा, कुठून आलात? बेलिफ हा कोर्टाचा माणूस. तो कोर्टाचा हुकूम घेऊन येतो. घरपट्टीच्या वॉरंटावर येतात ते पालिकेचे कर्मचारी. दोघांचे कागद वेगळे, दोघांविरुद्ध दाद मागायची जागा वेगळी. ओळखपत्र पाहा, वॉरंट वाचायला मागा, त्यावरची रक्कम आणि सही पाहा. अंगावर जाऊ नका, शिवीगाळ करू नका. सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा लागला की हिशेबाचा मुद्दा बाजूला पडतो आणि वकिलाच्या फीचा मुद्दा पुढे येतो.

थकबाकी जेवढी त्या प्रमाणातच वस्तू उचलता येतात. पाच हजारांसाठी पन्नास हजारांचा माल नेणे कायद्याला धरून नाही. जे नेतील त्याची यादी जागेवर करून तिची प्रत द्यावी लागते. अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे यांना हात लावता येत नाही. खोलीत शिलाई मशीन मांडून जीन्स शिवणाऱ्या पोराने हे पाठ करून ठेवावे, कारण मशीन हेच त्याचे हत्यार. आणि थकबाकीदार शेतकरी असेल तर त्याची औते, बियाणे आणि पोटापाण्याला लागणारी जनावरे यांनाही संरक्षण आहे. लिलाव होऊन कर, शास्ती आणि खर्च भागून काही उरले तर ते मालकाचे. मात्र ते मुदतीत अर्ज करून मागावे लागते. मागितले नाही तर ते पालिकेच्या तिजोरीत राहते.

पैसे भरायचे ठरले तर दारात आलेल्या माणसाच्या हातात चिठ्ठीवर देऊ नका. खिडकीवर भरा, छापील पावती घ्या, आणि पावतीवर मूळ कर किती, शास्ती किती, खर्च किती हे वेगवेगळे लिहून मागा.

भांडायचे, पण मुदतीत

आता एक कडू गोष्ट. आपल्याला भांडायची सवय आहे, पण तारीख पाळायची सवय नाही. महानगरपालिका कायद्याच्या कलम ४०६ प्रमाणे करपात्र मूल्य आणि कराविरुद्ध न्यायाधीशाकडे अपील करता येते, पण मुदत फक्त १५ दिवसांची. आणि वादातली कराची रक्कम आधी भरावी लागते. नगरपरिषदेच्या कायद्यात अपिलाची वाट वेगळी आहे. ती कुणाकडे आणि किती दिवसांत, हे मुख्याधिकाऱ्यांना पहिल्याच अर्जात लेखी विचारून घ्या.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. जो मूळ कर तुम्हाला मान्य आहे तो आधी भरून टाका. त्यामुळे दरमहाचे २ टक्के तिथेच थांबतात. ज्या ओळीबद्दल वाद आहे, ती भरावीच लागली तर 'हरकत राखून भरत आहे' असे लेखी पत्र देऊन भरा आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. हिशेब देत नसतील तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. २००५ च्या या कायद्याने १० रुपयांत अर्ज होतो, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

काही जण म्हणतील, कशाला एवढी यातायात, अभय योजना येईल तेव्हा भरू. उल्हासनगर महापालिकेने अशा योजना एकापेक्षा अधिक वेळा आणल्या आहेत. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने नगरपरिषदांच्या थकीत मालमत्ता करावरच्या दंडात सूट देण्यासाठीही अभय योजनेला मंजुरी दिली. योजना असेल तर तिचा फायदा जरूर घ्या. पण ती कधी येईल, किती सूट देईल, याचा भरवसा नाही, आणि तोवर मीटर चालूच असते. शिवाय तिचा खरा फायदा कुणाला होतो? ज्याची थकबाकी लाखांत आहे त्याला. वेळेवर भरणाऱ्या गरिबाच्या हातात काही पडत नाही. मोठ्याला अभय आणि लहानाला जप्ती, ही रीत आपण सोसायटीच्या वसुलीतही पाहिलेली आहे.

आणि हेही बोलले पाहिजे: घरपट्टी बुडवा, असे मी सांगत नाही. नळाला पाणी, गटार, दिवा, शाळा यांना पैसा लागतो. पण जो हिशेब दाखवत नाही त्याने मागितलेली प्रत्येक रक्कम कर ठरत नाही.

हा कागद आपल्या गावातही येतो

उल्हासनगरचे निमित्त झाले. हीच पट्टी इथेही आहे. ग्रामपंचायतीची घरपट्टी थकली की १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे बिल, मग रिट, मग जप्ती. सोसायटीचे कर्ज थकले की सहकार कायद्याच्या कलम १०१ चा दाखला, आणि मग नियम १०७ प्रमाणे वसुली अधिकारी दारात. तिथेही मुद्दल, व्याज, दंडव्याज आणि वसुली खर्च अशा ओळी असतात. १०१ च्या दाखल्याविरुद्ध कलम १५४ प्रमाणे फेरतपासणी मागता येते, पण त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. मग खर्चाची ओळ सुरुवातीलाच तपासणे शहाणपणाचे, की निम्मे भरून नंतर भांडणे? दिवाणी कोर्टाच्या हुकुमाची जप्ती असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० शेतकऱ्याची अवजारे, लागणारे बैल, बियाणे आणि त्याचे राहते घर यांना संरक्षण देते.

हे संरक्षण कुणी कृपा म्हणून दिलेले नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. १९२८ साली बार्डोलीत सरकारने म्हशी जप्त केल्या, पण शेतकरी हलले नाहीत. शेवटी ब्रूमफिल्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी चौकशी केली, आणि २२ टक्क्यांची सारावाढ सव्वासहा टक्क्यांच्याही खाली आली. बार्डोलीत धैर्य होतेच, पण गावोगावचे आकडेही होते. चौकशी समितीपुढे ते आकडे टिकले म्हणून सारा उतरला.

तेव्हा या बैठकीतून उठताना तीन कामे ठरवून जाऊ. पहिले, ज्याचा पोरगा, भाऊ, मेहुणा त्या पट्ट्यात राहतो त्याने आज रात्री फोन करून घरपट्टीचा शेवटचा कागद मागवावा. दुसरे, प्रत्येक तालुक्यात हिशेब येणारी दोन पोरे नेमावीत, त्यांनी चार ओळी वेगळ्या काढून अर्ज लिहून द्यावेत. तिसरे, फीचा तक्ता दर्शनी भागात लावावा, या मागणीचा ठराव आपल्या ग्रामपंचायतीपासून सुरू करावा. आपल्याच सरपंचाला तक्ता लावायला सांगता येत नसेल, तर उल्हासनगरच्या आयुक्ताला काय सांगणार?

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपापली पट्टी खिशात घालून यावे. सोसायटीची असो, ग्रामपंचायतीची असो, की बदलापूरच्या खोलीची. इथे बसून आपण ओळीओळीने वाचू.